मधल्या मजल्याची ऊब

जानेवारीचं गॅसचं बिल आलं तेव्हा रुश्तू साहेब घरात मफलर गुंडाळून बसले होते, आणि त्यांना खरं लागलं ते हेच. माणूस उबेत लोळला आणि मग बिल आलं, तर निदान पैसे वसूल झाल्याचं समाधान असतं. इथे पायांत दोन-दोन मोजे, अंगात स्वेटरवर स्वेटर, मांडीवर रजई, आणि बिल असं की घरात सार्वजनिक हमाम चालवत असल्याचा संशय यावा.

तुर्कस्तानातल्या कायसेरीच्या थंडीबद्दल त्यांना कुणी शिकवावं अशातली गोष्ट नव्हती. हवामान खात्यात त्यांची सगळी हयात गेलेली. एर्जियेस डोंगरावरून कुठला वारा उतरला की कुणाच्या घरचे नळ गोठणार, हे ते चहा पिता पिता सांगत. त्यांनी सांगितलेला बर्फ एक-दोनदा पडला नव्हता हे शेजाऱ्यांनी अजून लक्षात ठेवलं होतं, पण थंडीच्या बाबतीत त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. त्यामुळे बाहेर किती थंडी आहे हे कळतं, पण घरात का आहे हे कळत नाही, हा त्यांच्या दृष्टीने खात्याचाच अपमान होता.

नेरमिनबाईंनी चष्मा लावून बिल वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चला अंतल्याला."

"कशाला?"

"नेस्रिन किती वर्षं बोलावतेय. समुद्राकाठी हिवाळा काढू. इथे थंडीही खायची आणि वर गॅसवाल्यांची धनही करायची, हे कुणी सांगितलंय?"

नेस्रिन ही नेरमिनबाईंची धाकटी बहीण. तिच्याविरुद्ध रुश्तू साहेबांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्याबरोबर मिळणाऱ्या नवऱ्याबद्दल. साडू हे नातं देवाने कुठल्या मनःस्थितीत घडवलं असेल ते असो, पण एका घरचे दोन जावई झाले की त्यातला एक हुशार ठरतो, आणि या घरात तो मान जेवदेतने केव्हाच पटकावला होता. जेवदेत दर जानेवारीत हाफपँटीत, संत्र्याच्या झाडाखाली उभा राहून फोटो काढायचा आणि खाली लिहायचा, 'काय साडूभाऊ, गोठलात की आहात?' त्याला येत नाही अशी गोष्ट नव्हती. गेल्या खेपेला त्याने रुश्तू साहेबांना, रुश्तू साहेबांच्याच घरी, चहा कसा मुरवायचा ते शिकवलं होतं. त्याच्या घरी अख्खा हिवाळा काढायचा म्हणजे रोज सकाळी उठून एकेक गोष्ट शिकत बसायची. त्यापेक्षा एर्जियेसच्या माथ्यावर बनियनवर बसणं त्यांना परवडलं असतं.

"पुढचं बिल येईपर्यंत थांब," ते म्हणाले. "निम्म्यावर आणून दाखवतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर तू म्हणशील तिकडे."

हे बोलताना त्यांनी नकळत मफलर घट्ट केला.

बिल कमी करायचं ठरवलं, ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. इमारत लहान, खालच्या मजल्यावर पाकिझे मावशी, वरच्या मजल्यावर पास्तिर्माचे व्यापारी हाजी सित्की, ज्यांच्यामुळे जिन्यात बारा महिने मेथी आणि वाळलेल्या मांसाचा वास असे, आणि भिंतीपलीकडे तुर्गाय नावाचा दातांचा तरुण डॉक्टर. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात स्वतःचा गॅसचा बॉयलर, त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांतून फिरणार आणि ज्याचं त्याला बिल येणार. व्यवस्था इतकी सरळ होती की तीत गोंधळ होईल असं कुणालाच वाटलं नसतं.

"रेडिएटरमागे चांदीचा कागद लावा," हाजी सित्की जिन्यात म्हणाले. "ऊब भिंतीत जाते, ती परत खोलीत येईल." चांदीच्या कागदाने काही फरक पडला नाही. फक्त नेरमिनबाईंना भाजी झाकायला कागद उरला नाही.

पाकिझे मावशींचं निदान वेगळं होतं. "त्यात वारा धरलाय बाबा. माझ्या पोटात धरतो ना, तसाच. तो काढून टाक." रेडिएटरच्या कडेचा स्क्रू फिरवला की वारा निघतो, एवढं रुश्तू साहेबांना ठाऊक होतं. वारा हा तर त्यांचा विषय. त्यांनी स्क्रू फिरवला. वारा निघाला, त्यामागून काळं पाणी निघालं, आणि नेरमिनबाईंनी लग्नाआधी विणलेल्या लेसच्या पडद्यावर त्याने आशिया खंडाच्या आकाराचा डाग काढला. बॉयलरमधलं पाणी उतरल्यामुळे तो रुसून बंद पडला. त्याला पुन्हा पाणी पाजताना नळ बंद करायचा राहिला, आणि मग बॉयलरने ते जास्तीचं पाणी तांदळाच्या डब्यात ओकून टाकलं.

शेवटी मीटरच खोटा असणार, अशा निष्कर्षाला येऊन ते गॅसच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांचं ओळखपत्र पाहिलं, मग पडद्यावर पाहिलं.

"तुमचं नाव रुश्तू. आमच्याकडे रुश्दू आहे."

"तो मीच."

"असेल. पण तक्रार रुश्दूलाच करता येईल. आधी नाव दुरुस्त करून आणा, पलीकडच्या खिडकीवर."

पलीकडच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, की नाव दुरुस्त करायला शेवटचं बिल भरलेलं लागतं.

"पण माझी तक्रार त्याच बिलाबद्दल आहे."

"मग ते भरा, म्हणजे त्याच्याबद्दल तक्रार करता येईल."

रुश्तू साहेब स्वतः सरकारी नोकरीत मुरलेले असल्यामुळे या वाक्यातलं सौंदर्य त्यांना कळलं, आणि त्यांनी निमूटपणे बिल भरलं. यथावकाश मीटर तपासला गेला. मीटर धुतल्या तांदळासारखा निघाला. "गॅस तुम्हीच जाळताय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आता ऊब कुठे जाते ते आमच्याकडे येत नाही. त्याला वेगळा विभागही नाही."

ऊब कुठे जाते ते कळलं एका ताटलीमुळे. पाकिझे मावशींनी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून ताटलीभर पाठवला होता, आणि ताटली रिकामी परत द्यायची नाही ही जुनी रीत. म्हणून नेरमिनबाईंनी तीत घरचा हलवा घातला आणि रुश्तू साहेब ओव्हरकोट चढवून एक मजला खाली गेले. दार उघडलं ते मावशींनी. त्या अनवाणी होत्या, अंगात सुती उन्हाळी झगा होता, आणि हातातल्या वर्तमानपत्राने त्या वारा घेत होत्या.

"ये बाबा, ये. कोट काढ आधी, घामाघूम होशील."

"मावशी, तुमच्याकडे केवढं उकडतंय."

"हो ना. खिडकी जराशी किलकिली ठेवते. नाहीतर जीव घाबरतो."

रुश्तू साहेबांनी सवयीने रेडिएटरवर हात ठेवला. तो थंडगार होता. त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. त्यावर मावशींनी कुंड्या मांडल्या होत्या. स्वयंपाकघरात बॉयलरला क्रोशाची झालर लावलेलं पांढरंशुभ्र पांघरूण घातलेलं होतं, आणि ते एकदाही वर उचललेलं दिसत नव्हतं.

"हा बंद आहे, मावशी."

"तो होय? तुम्ही राहायला आल्यापासून लावलाच नाही. गरजच काय? तुमची ऊब वरून कशी छान झिरपते. माझं बिल नुसतं चहापुरतं येतं. रोज नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागते हो."

हातात द्यायची राहिलेली हलव्याची ताटली, कानात दुआ, आणि डोक्यात काहीतरी तडकल्याचा आवाज, अशा अवस्थेत रुश्तू साहेब तिथून निघाले आणि आपला मजला ओलांडून सरळ वर गेले. हाजी सित्की गालिच्यावर अनवाणी मांडी घालून हिशेब करत होते. त्यांचा बॉयलरही बंद होता. त्यांच्या बायकोने दह्याचं पातेलं मोजून मापून रुश्तू साहेबांच्या बॉयलरच्या बरोबर वर, जमिनीवर ठेवलं होतं. तिथे दही सुरीने कापावं असं लागतं, असं तिने कौतुकाने सांगितलं.

"हाजीसाहेब, हे बरं दिसतं का?"

"का नाही? ऊब आपणहून वर येते. मी काय नळी लावून ओढतो?" हाजींनी पेन्सिल कानाला लावली. "उलट तुमच्या डोक्यावरची थंडी मी अडवतोय. वरून बर्फ कोसळतोय, मध्ये मी बसलोय. त्याबद्दल मी तुमच्याकडे कधी काही मागितलं?"

कायसेरीच्या माणसाशी वाद घालताना आपल्या खिशावर हात ठेवावा, असं त्या गावातलीच माणसं सांगतात. रुश्तू साहेबांनी खरोखरच खिशावर हात ठेवला आणि ते खाली उतरले. आपल्या दारात त्यांना डॉक्टर तुर्गाय भेटला. त्याने आपला पलंग त्यांच्या भिंतीला अगदी चिकटवून घेतला आहे ही माहिती त्यानेच दिली, आणि वर विचारलं, "काका, परवा तुम्ही जरा कमी ठेवलं होतं का? मला सर्दी झालीय."

इतकी वर्षं आपण घर तापवत नव्हतो, लष्कराच्या भाकरी भाजत होतो, हे त्यांना त्या दारात उभं राहून कळलं. मांडीवर रजई घेऊन कुडकुडणारा माणूस सगळ्या इमारतीची शेगडी होता. त्यांना फार वाईट वाटलं. पैशापेक्षा त्या दहीवाल्या पातेल्याचं जास्त वाटलं. त्यांनी आत जाऊन, कुणालाही न विचारता, बॉयलरचं बटण फिरवून बंद केलं.

"आता मरा म्हणावं सगळ्यांनी," ते म्हणाले.

"सगळ्यांत आपणही आलो," नेरमिनबाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल डोक्यावरून घेतली.

मग सुरू झाला तो एक प्रकारचा वेढा होता. इमारत हळूहळू गार पडली. पण दुसऱ्या कुणीही बॉयलर लावला नाही, कारण पहिल्यांदा जो लावेल तोच पुढची शेगडी होणार, हे एव्हाना लहान पोराच्याही लक्षात आलं असतं. जिन्यात सगळे ओव्हरकोट घालून भेटत आणि एकमेकांना यंदा थंडी कशी मुळीच नाही ते सांगत. पाकिझे मावशी रोज मसुराचं सूप पाठवू लागल्या. "रुश्तूची तब्येत बरी आहे ना? काल दुपारपासून मला जरा काळजी वाटतेय." हाजींच्या घरून सूप आलं नाही, निरोप आला. जिन्याच्या कठड्यावरून ते डॉक्टरला सांगत होते, आणि आवाज मुद्दाम मोठा होता: "किती दिवस ताणतील? वहिनींचे गुडघे आहेत."

गुडघे ही वहिनींची दुखरी जागा होती, आणि रुश्तू साहेबांचीही. नेरमिनबाई आता रोज सकाळी अंतल्याचं हवामान मोठ्याने वाचून दाखवू लागल्या होत्या. शेवटी एका सकाळी रुश्तू साहेबांच्या डोक्यात जे आलं, ते त्यांना त्या क्षणी फार हुशारीचं वाटलं. साडूचा वारा दुरून लागला असावा.

"बांध सामान," ते म्हणाले. "शुक्रवारी निघू."

नेरमिनबाईंनी आनंदाने बॅगा भरल्या. नवऱ्यासाठी बाजारातून एक हाफपँटही आणली. रुश्तू साहेबांनी जिन्यात प्रत्येकाला गाठून सांगितलं, की हिवाळा आता साडूकडे, वसंतातच परत. आणि जाता जाता, खात्याच्या जुन्या अधिकारवाणीने, असंही सांगितलं, की शनिवारपासून सैबेरियातून मोठी लाट येतेय. हाजी सित्कींच्या कपाळावर प्रथमच आठी दिसली.

शुक्रवारी टॅक्सी निघाली तेव्हा पाकिझे मावशींनी दारातून रीतीप्रमाणे त्यांच्यामागे तांब्याभर पाणी ओतलं. "पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या." टॅक्सी बसच्या स्टँडवर पोचली. सामान उतरलं. रुश्तू साहेबांनी तिकिटाच्या खिडकीकडे न जाता दुसरी टॅक्सी केली.

"म्हणजे?" नेरमिनबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. आपण गेलो असं समजून सगळे आपापले बॉयलर लावतील, खाली, वर आणि बाजूला. आणि आपण मधोमध, आपल्याच घरात, फुकट.

नेरमिनबाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे जायला नको म्हणून तुम्ही स्वतःच्या घरात चोरासारखे शिरणार?"

"चोरासारखं नाही. जरा हळू."

"नेस्रिनला तरी कळवू दे."

"तिला कळलं की जेवदेतला कळेल, आणि मग ते अंकाराच्या आकाशवाणीवर ऐकू येईल. फोन बंद ठेव. भिंती पातळ आहेत."

"गुडघे दुखले तर मात्र मी थांबणार नाही," त्या म्हणाल्या. ही संमती आहे असं रुश्तू साहेब धरून चालले.

पुरुषमाणसं जुम्म्याच्या नमाजाला गेलेली आणि बायका टीव्हीपुढे बसलेल्या, अशी वेळ साधून ते परत आले. सगळं योजनेप्रमाणे होतं, फक्त मावशींच्या पाण्याचा विचार योजनेत नव्हता. सद्भावनेने ओतलेल्या त्या पाण्याचा दाराच्या पायरीवर काचेसारखा बर्फ झाला होता. इतकी वर्षं कायसेरीला निसरड्याचा इशारा देणारे रुश्तू साहेब त्यावरून असे गेले की बॅग एका बाजूला, टोपी दुसऱ्या बाजूला आणि ते मध्ये. ओरडायची सोय नव्हती. त्यांनी मफलर दातांत धरला. नेरमिनबाईंनी त्यांना बखोटीला धरून जिना चढवला, आणि एवढं होऊनही त्या हसल्या नाहीत, याबद्दल त्यांना पुढे कायम कृतज्ञता वाटत राहिली.

संध्याकाळ व्हायच्या आतच वरून खट् असा आवाज आला आणि पाठोपाठ ज्योत पेटल्याचा घूं. मग खालून. मग भिंतीपलीकडून. रुश्तू साहेब कंबरेला पट्टा बांधून आडवे पडले होते, ते ऐकून उठून बसले. हळूहळू जमीन कोमट झाली, छत कोमट झालं, भिंतीला पाठ लावली तर कंबरेला शेक मिळू लागला. आधी एक स्वेटर उतरला, मग दुसरा. पुढे पुढे तर ते बनियन आणि ती नवी हाफपँट एवढ्यावरच वावरू लागले. घरात बोलणं कुजबुजत चाले, टीव्ही मुका चाले, आणि काचेच्या पेल्यावर चमचा वाजतो म्हणून चहातली साखर बोटाने ढवळावी लागे. पण आयत्या बिळावर नागोबा होण्यात काय सुख आहे ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. ते खरोखर सुखी होते. नेरमिनबाईंचे गुडघेही बोलायचे थांबले होते.

घात केला तो चांगुलपणाने. पाकिझे मावशींना राहवलं नाही. कधीतरी घेऊन ठेवलेल्या नंबरावर त्यांनी अंतल्याला फोन लावला, पाहुणे सुखरूप पोचले का विचारायला.

"कोण पाहुणे?" नेस्रिन म्हणाली.

त्यानंतर अंतल्यात काय झालं ते सांगायला नको. दोन्ही फोन बंद. डोंगरातल्या रस्त्यावर बर्फात बस अडकल्याची बातमी टीव्हीवर. जेवदेतने दोन आणि दोन मिळवले, त्याचे नेहमीप्रमाणे पाच आले, आणि नवराबायको मिळेल त्या बसने कायसेरीला येऊन थडकले. तिकिटाचा काही माग घरात लागेल म्हणून पोलीस आणले, कुलूपवाला आणला.

कुलपाशी खुडबुड ऐकू आली तेव्हा रुश्तू साहेब कलिंगडाच्या बिया सोलत बसले होते. चोर, त्यांना वाटलं. आपण गावाला गेल्याचं आपणच गावभर केलंय हे त्यांना आठवलं. ते स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन दाराआड उभे राहिले, आणि दार उघडताच लाटणं उगारून पुढे झाले.

बाहेर एक पोलीस होता, कुलूपवाला होता, हाजी सित्की होते, जपमाळ घेतलेल्या पाकिझे मावशी होत्या, डॉक्टर होता, रडून डोळे सुजलेली नेस्रिन होती, आणि ओव्हरकोटात जेवदेत होता. जेवदेतने साडूभाऊंना वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"हाफपँट छान आहे," तो म्हणाला.

"हे घर तुमचंच?" पोलिसाने विचारलं.

"हो."

"मग लपला होतात कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर बॉयलरपासून सुरू करावं लागलं असतं. रुश्तू साहेबांनी लाटणं खाली ठेवलं आणि चहा घेणार का, असं विचारलं. आतून नेरमिनबाई आल्या आणि दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडू लागल्या. त्या गडबडीत हाजी सित्कींनी आत येऊन जमिनीला हात लावून पाहिला, वर छताकडे बोट दाखवत हिशेब केला, आणि ते थेट आपल्या मजल्यावर गेले.

जेवदेतने कोट काढला. "इथे एवढं गरम असतं आणि तुम्ही रडत होतात? आमच्या घराला असलं काही नाही रे बाबा. जानेवारीत भिंतींना पाणी सुटतं. फोटो काढण्यापुरता बाहेर ऊन खातो, मग आत येऊन दोन-दोन चादरी." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नेस्रिन, आपण आलोच आहोत तर आता मार्चपर्यंत राहू."

"राहा की," नेरमिनबाई म्हणाल्या. "बोलावून तरी असे कधी आला असतात?"

रुश्तू साहेबांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण घरात कुजबुजत बोलायची सवय झाल्यामुळे ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरून खट् असा आवाज आला. मग खालून. मग भिंतीपलीकडून. दुपारपर्यंत जमीन गार पडली. जेवदेतने पुन्हा कोट चढवला, मग त्यावर साडूभाऊंचे दोन्ही स्वेटर चढवायचा प्रयत्न केला, आणि बॉयलरपाशी उभा राहून तो कसा चालवायचा असतो ते सांगू लागला. आलेला पाहुणा घरात कुडकुडतोय हे काही त्या गावात चालण्यासारखं नव्हतं. रुश्तू साहेबांनी बटण फिरवलं. फक्त पाहुण्यांसाठी म्हणून एरवी बंद असणारी बैठकीची खोलीही उघडावी लागली, तिथलाही रेडिएटर सुरू झाला.

संध्याकाळी पाकिझे मावशी पाहुण्यांसाठी ताटलीभर चीज भरलेले खुसखुशीत बोरेक घेऊन वर आल्या. अंगात सुती झगा होता.

"तुझा साडू किती दिवस आहे रे?"

"मार्चपर्यंत म्हणतोय."

"राहू दे हो. भला माणूस आहे. बिचाऱ्याला थंडी फार वाजते, नाही का?" मावशींनी दोन्ही हात वर केले. "देव त्याला उदंड आयुष्य देवो."

आतून जेवदेतने हाक मारली, "साडूभाऊ, जरा अजून वाढवा हो."

रुश्तू साहेबांनी मावशींच्या हातातली ताटली घेतली, स्वयंपाकघरात गेले, आणि वाढवलं.